मुका मार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नाशिकच्या द्वारका चौकात, मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जेथे मिळतात तेथे, प्रस्तुत लेखक रस्ता ओलांडीत असता एका सायकलीचा धक्का लागून पडला. पडणे अगदी सामान्य होते. सायकलस्वार पोरगा बिचारा लेखकापेक्षाही अधिक घाबरला होता. दोन-चार माणसे धावली, कोणी छत्री उचलून दिली, कोणी चष्मा. पदपथावर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या एका वृद्ध बाईने विचारले, ''भाऊ, फार लागलं का?'' खांदा व मांडी ठणकत होती. परंतु कपडा फाटला नव्हता की रक्ताचा थेंब दिसत नव्हता. म्हणून उत्तर दिले, ''नाही, मावशी, मुका मार आहे.'' त्यावर ती बाई मान हलवून म्हणाली, ''मुका मारच वाईट, भाऊ. रक्त आलं असतं तर बरं होतं.''

घरी येऊन आंबेहळद व रक्तचंदन उगाळून लेप घातला, आणि तो वाळेपर्यंत त्या बाईच्या वाक्याचा विचार करीत बसलो. तिचे म्हणणे वैद्यकदृष्ट्या सर्वस्वी खरे नसेल. पण भाषेच्या दृष्टीने ते फार खरे आहे असे वाटू लागले. ज्या इजेत कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही, आणि म्हणून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, त्या इजेला मराठी माणसाने 'मुका' हे विशेषण लावले आहे. दुखणे आहे, पण दुखण्याला वाचा नाही. ह्या दोन शब्दांत जेवढे शहाणपण साठले आहे तेवढे आपल्या वाङ्मयविचारात उतरले आहे काय, आणि आपल्या लेखकांनी ह्या मुक्या माराला वाचा दिली आहे काय, हा ह्या लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. इंग्रजीत ह्या इजेला 'ब्रूझ' हे एकच नाम आहे. त्याचा मुळातला अर्थ चिरडणे असा. पुढे ते शरीरावरच्या डागाला, दबलेल्या फळाला आणि दुखावलेल्या मनालाही सारख्याच सहजपणे लागू लागले. मराठीत असा एकछत्री शब्द नाही. छडीने उठतो तो वळ. कपाळ आपटून येते ते टेंगूळ. गालावर उमटतात ती पाच बोटे. रंगाने सांगायचे तर अंग काळेनिळे पडले. आतल्या घडामोडीने सांगायचे तर रक्त साकळले. फळाबद्दल आपण 'मार लागला' एवढेच म्हणतो. एकाच इजेचे हे सारे पर्याय आहेत असे वरवर वाटते, पण तसे नाही. वळ ह्या शब्दात मारणाऱ्याचे हत्यार दिसते, 'पाच बोटे' ह्या प्रयोगात त्याचा हातच दिसतो, टेंगळात आकार दिसतो, काळ्यानिळ्यात रंग दिसतो. 'मुका मार' ह्या शब्दात मात्र काहीच दिसत नाही. न दिसणे हाच त्याचा अर्थ आहे.

कित्येकजण ह्या शब्दाचा उच्चार 'मुक्का मार' असा करतात, आणि त्यावरून तो मुठीचा, म्हणजे गुद्द्याचा मार होय, असे सांगतात. परंतु जिन्यावरून घसरून पडलेला माणूसही मुका मार लागल्याचेच सांगतो, आणि जिन्याला काही मूठ नसते. बोलणाऱ्यांच्या मनात आज जो अर्थ जागा आहे तो मुकेपणाचाच. शिवाय मूठ आणि मुकेपणा ह्या दोहोंना एकत्र आणणारी म्हण आपल्याकडे आहेच: तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मार बसतो आहे आणि ओरडण्याची सोय नाही, ही स्थिती इतक्या थोड्या शब्दांत सांगणारी दुसरी म्हण क्वचितच आढळेल.

आता शरीराच्या आत काय घडते ते पाहू. कारण वाङ्मयाच्या पुढील विचाराला त्याचा उपयोग आहे. आघाताने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. त्वचा अखंड असल्यामुळे रक्ताला बाहेर पडण्यास दार मिळत नाही व ते आसपासच्या मांसात पसरते. प्रथम तांबूस, मग निळसर-जांभळा, पुढे हिरवट व शेवटी पिवळट असे रंग दिसतात. रक्तातील हिमोग्लोबिन मोडत जाऊन त्यातून प्रथम हिरवे बिलिव्हर्डिन व नंतर पिवळे बिलिरुबिन बनते, त्याचा हा परिणाम. साधारणतः दोनेक आठवड्यांत सर्व खुणा पुसल्या जातात. पहिल्या दिवशी थंड पट्टी आणि एक-दोन दिवसांनंतर शेक, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. आपल्या घरांतून मात्र बहुधा आरंभापासूनच शेकायला घेतात.

तीन गोष्टी येथे विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, खोल लागलेला मार लागलीच दिसत नाही. कधी कधी दोन-तीन दिवसांनी वर येतो. दुसरी ही की, साकळलेले रक्त खाली उतरत जाते, त्यामुळे मार कपाळाला आणि काळिमा डोळ्यांखाली, असे घडते. डाग जेथे दिसतो तेथेच घाव बसला असेल असे नाही. तिसरी गोष्ट आपल्या देशात विशेष महत्त्वाची. गोऱ्या कातडीवर जो डाग लांबून दिसतो तो सावळ्या किंवा काळ्या कातडीवर पुष्कळदा दिसतच नाही. तेव्हा ज्याची त्वचा अधिक काळी त्याचा मार अधिक मुका. ह्या वाक्याचा शारीरिक अर्थ संपतो तेथे त्याचा सामाजिक अर्थ सुरू होतो.

आपल्या प्राचीन वैद्यकाने हा विचार केला नव्हता असे नाही. सुश्रुताने आगंतुक व्रणांचे सहा प्रकार मानले: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. त्यांतील पिच्चित म्हणजे आघाताने किंवा दाबाने चेंगरलेला अवयव. हा शब्द वाचताच मराठी कानाला 'पिचणे' हे क्रियापद आठवल्याशिवाय राहत नाही. बांगडी पिचते, बोरू पिचतो, आणि दारिद्र्याने माणूसही पिचतो. पिचलेला माणूस तुटलेला नसतो. दिसण्यात तो धड असतो, पण हात लावला की कळते. मुक्या माराची व्याप्ती देहापासून मनापर्यंत कशी जाते हे भाषेनेच आपल्याला ह्या एका क्रियापदात दाखवून ठेवले आहे.

कायद्याने ह्या बाबतीत साहित्यापेक्षा अधिक उदारता दाखवली आहे असे म्हटल्यास काहींस आश्चर्य वाटेल. 1860 च्या भारतीय दंडसंहितेने दुखापतीची व्याख्या करताना रक्त किंवा जखम ही अट घातली नाही. शारीरिक वेदना देणे एवढेही दुखापत ठरण्यास पुरेसे मानले. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तीच व्याख्या कायम ठेवली आहे. वेदना ही स्वतःच इजा आहे, तिला दृश्य खुणेची साक्ष लागत नाही, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आहे. व्यवहारात मात्र पहिला प्रश्न येतो तो असा: दाखव बरे, कोठे लागले?

आपले वाङ्मयही पुष्कळ काळ हाच प्रश्न विचारीत आले. पोवाड्यांना छातीवरचे वार हवे होते. नाटकांना रंगभूमीवर शोभणारे रक्त हवे होते. घाव, जखम, वार ह्या शब्दांना आपल्याकडे जी प्रतिष्ठा आहे ती मुक्या माराला नाही. उलट आपल्या म्हणी मार सोसण्याचेच कौतुक करतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण मुलांना ऐकवतो. पण ही म्हण दगडाविषयी आहे, हे सोयीस्करपणे विसरतो. दगडाला वळ उठत नाही. वळ उठायला आत वाहणारे रक्त लागते. पाठीवर मारावे पण पोटावर मारू नये, ही दुसरी म्हण. तिच्यात दया आहे खरी. परंतु पाठीचा मार हा मानण्यासारखा मारच नव्हे, असा तिचा गर्भितार्थ आहे.

ह्या पार्श्वभूमीवर, नाशिकच्या मातीशी ज्यांचा निकट संबंध आहे अशी तीन पुस्तके एकत्र वाचून पाहावीत असे आम्हांस सुचवावयाचे आहे. द्वारका चौकात उभे राहिले की त्यांच्या वाटा जवळजवळ डोळ्यांसमोर येतात. पुण्याच्या रस्त्याने गेले की नाशिकरोड लागते. तेथील कारागृहात साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत 'श्यामची आई' लिहिले. त्याच बाजूला विहितगाव आहे. तेथे 1930 साली बाबुराव बागूल जन्मले. गोदावरीच्या काठाने वर गेले म्हणजे जलालपूर येते. ते लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर. आणि आग्रा रस्त्याने नदी ओलांडली की पंचवटी, जेथे 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी अस्पृश्यांचा सत्याग्रह सुरू झाला. ही तीन पुस्तके तीन वेगवेगळ्या काळांतली, तीन वेगवेगळ्या प्रकृतींची आहेत. परंतु तिन्हींत माराचा एकेक प्रकार आहे, आणि तो प्रकार ओळखल्यावाचून ती पुस्तके पुरती कळत नाहीत, असे आमचे मत आहे.

'श्यामची आई' हे वळाचे पुस्तक आहे. विहिरीत पोहायला जाण्याच्या भीतीने श्याम घरात लपून बसतो. आई त्याला बाहेर ओढते आणि चोप देते. आणि नंतर तीच त्याला जवळ घेऊन, दही खाऊ घालून, आपण का मारले ते समजावते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. हे प्रकरण वाचताना डोळे पाणावले नाहीत असे मराठी घर विरळा. येथे मार दिसतो, मारणारा हात दिसतो, त्यामागचा हेतू दिसतो, आणि ज्या हाताने मारले तोच हात शेवटी पाठीवरून फिरतो. येथे काहीही मुके राहत नाही. माराला संपूर्ण वाचा आहे, आणि म्हणून तो बरा होतो. साने गुरुजींच्या शैलीची जी हळवेपणा म्हणून निंदा होते, तिचे खरे कार्य हेच आहे: ती कोणतेही दुखणे न बोललेले ठेवीत नाही.

परंतु ह्याच पुस्तकात दुसरे एक प्रकरण आहे. एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते. ती महार असल्यामुळे तिला हात लावून मोळी उचलून द्यायला कोणी तयार नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिची मोळी डोक्यावर चढवून दे आणि घरी येऊन स्नान कर. श्याम जातो, मोळी उचलून देतो. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट धीराची होती ह्यात शंका नाही. आणि ज्या लेखकाने ती लिहिली त्यानेच पुढे 1947 साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपवास केला, हेही विसरता येत नाही. तरी आज ते प्रकरण वाचताना मन एका जागी अडखळते. मोळी उचलून देणाऱ्या मुलाने नंतर स्नान करावयाचे आहे, हे त्या म्हातारीला ठाऊक असणारच. मदतीच्या हाताबरोबरच तिला जो मार बसला तो पुस्तकात कोठेही उमटत नाही. श्यामच्या वळांवर दह्याची वाटी आहे. म्हातारीच्या माराला मात्र पुस्तकात शब्दही नाही. ह्यात साने गुरुजींचा दोष काढण्याचा हेतू नाही. प्रेमाच्या घरातही मुका मार कसा बसतो, आणि प्रेमळ लेखकाच्याही नजरेतून तो कसा निसटतो, एवढेच दाखवावयाचे आहे.

'स्मृतिचित्रे' हे पुस्तक ह्याच्या अगदी उलट प्रकृतीचे. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले ते 1934 पासून. वडिलांचे सोवळ्याचे वेड, धान्यापासून मिठासाखरेपर्यंत सर्व धुऊन घेण्याचा अट्टाहास; पुढे नारायण वामन टिळकांसारख्या लहरी, रागीट आणि तितक्याच उदार पुरुषाशी संसार; आणि 1895 च्या फेब्रुवारीत पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर पदरी लहान मूल घेऊन काढलेली सुमारे पाच वर्षे. ह्यातली एकेक गोष्ट दुसऱ्या कोणा लेखकाच्या हाती शोकांतिका झाली असती. लक्ष्मीबाई मात्र हसतात आणि हसवतात. मराठीतील अव्वल आत्मचरित्र म्हणून ह्या ग्रंथाची जी कीर्ती आहे, तिचे बरेचसे श्रेय ह्या निर्मळ विनोदाला दिले जाते, आणि ते योग्यच आहे.

आमचे म्हणणे एवढेच की, हा विनोद म्हणजे ह्या पुस्तकाची अखंड राहिलेली त्वचा आहे. ती कोठेही फाटत नाही. पण तिच्याखाली रंग उमटलेले दिसतात. संसारातली भांडीकुंडी, पैसा, दिलेले शब्द, सगळे टिळकांच्या हातून वाऱ्यावर जाते, आणि लक्ष्मीबाई ते अशा रीतीने सांगतात की वाचक टिळकांवर रागावण्याऐवजी त्यांच्या प्रेमात पडतो. वाचकांनी एकवार असे करून पाहावे: एखादा हास्यकारक प्रसंग घ्यावा, त्यातले हसू क्षणभर बाजूला ठेवावे, आणि त्या प्रसंगी ती बाई स्वयंपाकघरात कोठे उभी होती, तिच्या हातात काय उरले होते, एवढेच पाहावे. मग त्या हसण्याखालचा निळा रंग दिसू लागतो.

खोल मार उशिरा वर येतो, हे आपण वर पाहिले. 1895 चा घाव 1934 नंतर छापील पानावर आला, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. तो येताना तक्रार म्हणून आला नाही, तर गोष्ट म्हणून आला. ह्या काळात जे घडले त्यातली सर्वांत मोठी गोष्ट ही की, ज्या मुलीच्या माहेरी साखरही धुऊन घेत, तीच बाई विचार करता करता अशा निर्णयाला आली की जातिभेद मनुष्याने केलेला आहे व आपण यापुढे कोणाच्याही हातचे खाऊ. हा निर्णय तिने 1900 साली बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच, स्वतःच्या बुद्धीने घेतला. स्वतःला बसलेल्या मुक्या माराने काही माणसे कडू होतात. काहींना मात्र दुसऱ्याचा मुका मार ऐकू येऊ लागतो. लक्ष्मीबाई ह्या दुसऱ्या जातीच्या होत.

येथे आपण वाचकांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे हे बरे. गेली अनेक दशके सुशिक्षित मराठी कुटुंबे 'स्मृतिचित्रे' आवडीने वाचीत आली. पण पुष्कळदा त्या वाचनाचा निष्कर्ष असा काढला गेला की, पाहा, जुन्या बायका कशा सोसत आणि तरी कशा हसत! बाईच्या हसण्याचा उपयोग तिच्या दुखण्याला खोटे पाडण्यासाठी करणे, हा ग्रंथावरही अन्याय आहे आणि घरातल्या बायकांवरही. ज्या घरात 'आमच्या आईने कधी तक्रार केली नाही' असे अभिमानाने सांगतात, त्या घरात तिला कधी कोणी विचारले होते काय, हा प्रश्न ह्या पुस्तकाने आपल्याला पडला पाहिजे.

तिसरे पुस्तक, 'जेव्हा मी जात चोरली होती', हा बाबुराव बागुलांचा कथासंग्रह 1963 साली आला. त्यातली ह्याच नावाची कथा येथे विचारात घेऊ. रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातमध्ये, उधना येथे गेलेला एक दलित तरुण भाड्याची खोली मिळावी म्हणून आपली जात लपवतो. त्याच्याशी सगळे प्रेमाने वागतात. आणि नेमके तेच त्याला असह्य होऊ लागते, कारण ते प्रेम त्याच्यावर नसून त्याने पांघरलेल्या जातीवर आहे. शेवटी खरी जात उघडकीला येते आणि त्याला निर्दयपणे मारहाण होते. त्याच जातीचा त्याचा सहकारी, न लपवणारा आणि न वाकणारा काशिनाथ, त्याला सोडवतो. तू हा मार मुकाट्याने का खाल्लास, ह्या अर्थाचे तो विचारतो, तेव्हा नायकाने दिलेले उत्तर मराठी वाङ्मयात फार महत्त्वाचे आहे. त्याच्या लेखी मारणारे हात समोरच्या माणसांचे उरत नाहीत; ते मनूचे असतात.

ह्या कथेचे मर्म असे की, शेवटची मारहाण हा तिच्यातला पहिला मार नव्हे. उधन्याला पाय ठेवल्यापासून तो तरुण मार खातो आहे. कोणी आदराने हाक मारली की त्याला लागते. कोणी घरात जेवायला बोलावले की लागते. इतरांनी त्याच्याच जातीबद्दल काही बोलावे आणि त्याने तोंड मिटून ऐकावे, तेव्हा तर फारच लागते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण येथे अक्षरशः खरी होते. फरक एवढाच की तोंड दाबणारा हात त्याचा स्वतःचाच आहे. अखेरीस जेव्हा काठ्या आणि बुक्के बसतात तेव्हा आतल्या आत साकळलेले रक्त जणू पृष्ठभागावर येते. आणि डाग जेथे दिसतो तेथे मुळात घाव नसतो, हे वैद्यकीय सत्य बागुलांनी कथेच्या शेवटी किती अचूक पकडले आहे! डाग उधन्याच्या वस्तीतला आहे. घाव शतकानुशतकांचा आहे.

बागुलांच्या लेखनावर भडकपणाचा आक्षेप घेतला जातो. ह्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. काही कथांत पात्राच्या तोंडून लेखकच बोलतो आणि प्रसंगाची धार बोथट होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. मुका मार लागलेल्या जागी नुसते बोट ठेवले तरी माणूस ओरडतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते ओरडणे अतिशयोक्तीचे वाटते, कारण त्याला तेथे जखम दिसत नाही. आवाज मोठा की दुखणे मोठे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याला लागले त्याचा आहे. तो कडेला उभे असलेल्यांचा नव्हे. 1930 च्या रामनवमीला रथाच्या वेळी नाशकात सत्याग्रहींवर दगड पडले, त्यांना मार बसला. मंदिराची दारे त्या सत्याग्रहाच्या काळात उघडली नाहीत. त्या वर्षी त्या परिसरात जन्मलेल्या मुलाने तेहतीस वर्षांनी हे पुस्तक दिले, तेव्हा त्याचा आवाज मृदू असावा अशी अपेक्षा करणे रसिकतेचे लक्षण नव्हे.

कोणी म्हणेल, तीन निरनिराळ्या ग्रंथांना एका शब्दाच्या दावणीला बांधणे ही ओढाताण नाही काय? आई मुलाला मारते, नवरा बायकोला सोडून जातो आणि समाज एका माणसाला ठेचतो, ह्या तिन्ही गोष्टी सारख्या कशा? त्या सारख्या नाहीत, हेच तर आम्हांस म्हणावयाचे आहे. भाषेने वळ, पिचणे आणि मुका मार असे वेगळे शब्द ठेवले ते ह्यासाठीच. मारणारा हात दिसतो तो मार आणि दिसत नाही तो मार ह्यांत भेद करावा. ज्याच्यावर नंतर लेप आहे आणि ज्याच्यावर नाही त्यांत भेद करावा. सोसणाऱ्याने आपणहून हसावे आणि त्याला हसावेच लागावे, ह्यांतही भेद करावा. आपली टीका पुष्कळदा ह्या साऱ्याला 'वेदना' हा एकच सुबक शब्द वापरते. श्यामची वेदना, लक्ष्मीबाईंची वेदना, दलितांची वेदना. एक गुळगुळीत शब्द सगळीकडे फिरवला की कोणाला काय लागले हे विचारण्याचे काम उरत नाही. भाजी विकणाऱ्या बाईची भाषा ह्या बाबतीत टीकाकारांच्या भाषेपेक्षा अधिक काटेकोर आहे.

आणखी एक कृती येथे आठवते, तीही ह्याच गावची. कुसुमाग्रजांच्या 'कणा' ह्या कवितेत पुराने घर वाहून गेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या शिक्षकांकडे येतो. शिक्षकांचा हात खिशाकडे जातो. पण त्याला पैसे नको असतात, पाठीवर हात हवा असतो. ही कविता शाळांतून, समारंभांतून इतकी म्हटली गेली आहे की तिच्यातला एक साधा भाग लक्षातून गेला आहे. तो विद्यार्थी हसतमुख येतो, भिजलेला येतो, आणि त्याचे काय गेले ते शिक्षकांना तो सांगतो म्हणूनच कळते. म्हणजे हाही मुका मारच. फक्त येथे ज्याला लागले तो बोलतो, आणि ज्याला सांगितले तो ऐकून घेतो. आपल्या शाळांतून ज्या पाठीवर छडीचे वळ उठत आले, तीच पाठ येथे एका हाताची वाट पाहते. मारणे आणि हात ठेवणे ह्या दोन्हींसाठी जागा एकच आहे, हे ह्या कवितेने न बोलता सांगितले आहे.

लेखकाच्या खांद्याचे दुखणे दोन आठवड्यांत गेले. सावळ्या कातडीवर डाग असा फारसा दिसलाच नाही. घरच्यांनी पहिल्या दिवशी विचारले, दुसऱ्या दिवशी विचारले, आणि तिसऱ्या दिवशी काही दिसत नाही म्हणून विचारणे सोडले. त्यात त्यांची काही चूक नाही. सगळेच असे करतात. परंतु चौथ्या दिवशी हात वर करताना जी कळ आली तेव्हा द्वारकेची ती वृद्ध बाई आठवली. तिला काही दिसले नव्हते. तरी तिने विचारले होते, आणि मी 'नाही' म्हटल्यावरही तिने ते 'नाही' खरे मानले नव्हते. चांगल्या वाचकाकडून ह्याहून अधिक काय मागावे? 'स्मृतिचित्रे' घरात असेलच. पुढच्या खेपेस ते हाती घ्याल तेव्हा हसून झाल्यावर पान उलटण्यापूर्वी थोडे थांबा, आणि फार लागले का, असे एकदा विचारा.